सुरू न होणाऱ्या जुन्या डेस्कटॉपसाठी पोस्ट कार्ड : वापरानंतरचा अभिप्राय

बटण दाबले की पंखा फिरायचा, हार्ड डिस्कची घरघर ऐकू यायची, पण मॉनिटर काळाच राहायचा आणि बीपही वाजत नसे, अशा अवस्थेत माझा जुना डेस्कटॉप अडकला होता. बीप का वाजत नाही, हे कॅबिनेट उघडल्यावर कळले. आतला छोटा स्पीकर मदरबोर्डला जोडलेलाच नव्हता. एकेक भाग बदलून पाहण्याइतके सुटे भाग हाताशी नसल्यामुळे मी पीसीआय स्लॉटमध्ये (मदरबोर्डवर जादा कार्ड बसवायच्या खाचेत) बसणारे, दोन आकडी लाल डिस्प्लेचे पोस्ट कार्ड मागवले.

नाव ऐकून टपालखाते आठवते खरे, पण पोस्ट म्हणजे संगणक सुरू होताना स्वतःची करतो ती तपासणी. प्रत्येक टप्प्यावर बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला सुरुवातीचा प्रोग्रॅम, एक सांकेतिक क्रमांक ८० हेक्स या पोर्टवर (ठरलेल्या अंतर्गत पत्त्यावर) पाठवते. आयबीएमच्या १९८४ मधील पीसी एटीपासून चालत आलेली ही सोय आहे. कार्ड एवढेच करते की तो क्रमांक दाखवते, आणि तपासणी जिथे थांबते तिथला शेवटचा आकडा डिस्प्लेवर तसाच राहतो.

माझ्याकडे ‘सी १’ हा आकडा गोठला (हेक्स पद्धतीत ए ते एफ ही अक्षरेही आकडेच असतात). अवॉर्ड या कंपनीच्या बायोसच्या तक्त्यात तो मेमरी ओळखण्याचा टप्पा आहे. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, तेव्हा त्यांच्या सोनेरी दातांवर काळपट थर दिसला. साध्या खोडरबराने तो घासून काढला, कण झटकले आणि एकच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही बाजूंचे खटके बसेपर्यंत दाबली. पुढच्या वेळी आकडे भराभर पळाले आणि ‘एफएफ’वर स्थिरावले, म्हणजे बायोसने आपले काम संपवून सूत्रे डिस्ककडे सोपवली होती. या एका प्रसंगातच कार्डाने आपली किंमत वसूल करून दिली, असे मी म्हणेन.

तक्रारी मात्र आहेत. सोबतची पुस्तिका इतक्या बारीक आणि अडखळत्या इंग्रजीत आहे की बायोसच्या निर्मात्याचा तक्ता स्वतंत्रपणे मिळवावाच लागतो, कारण तोच आकडा अवॉर्डमध्ये एक अर्थ सांगतो आणि एएमआय या कंपनीच्या बायोसमध्ये दुसरा. डिस्प्लेवरचा ‘बी’ आणि ‘६’ यांच्यात फक्त वरच्या आडव्या रेघेचा फरक आहे. मी पहिल्यांदा चुकीचाच आकडा शोधत बसलो होतो. शिवाय ‘एफएफ’ आकडे पळून गेल्यावर शेवटी आला तर शुभ, पण सुरुवातीपासून तोच दिसत राहिला तर कार्डापर्यंत काहीच पोहोचलेले नसण्याचा संभव असतो, हा भेद पुस्तिकेत कुठेही नाही.

कार्डावर व्होल्टेजचे छोटे एलईडी आहेत, त्यांच्यावर मात्र फार विसंबू नये. काही दिवसांनी हाच संगणक मध्येच रीस्टार्ट होऊ लागला, तेव्हा बारा व्होल्टचा दिवा नीट जळत होता. मल्टिमीटर पिवळ्या आणि काळ्या तारेवर लावला तर १०.९ व्होल्ट भरले. एटीएक्स या डेस्कटॉपच्या वीजपुरवठ्याच्या मानकाप्रमाणे ही मर्यादा ११.४ ते १२.६ आहे. दिवा वीज आहे एवढेच सांगतो, ती पुरेशी आहे की नाही हे सांगत नाही. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलल्यावर तो त्रास थांबला.

ज्या मदरबोर्डवर पीसीआय स्लॉटच नाही, त्यासाठी हे कार्ड निरुपयोगी आहे. विंडोज अर्ध्यावर लटकत असेल, तर त्याचाही उलगडा यातून होणार नाही, कारण तोवर बायोसची पाळी संपलेली असते. आणखी एक सावधगिरी : एका कडेला पीसीआय आणि दुसऱ्या कडेला जुन्या आयएसए स्लॉटचे दात असलेली कार्डेही मिळतात, आणि ती उलटी घातली गेली तर बोर्डला इजा होऊ शकते. माझ्या कार्डाला एकच कड आहे, तरीही दर्शनी बाजूवर मी मार्करने बाण काढून ठेवला आहे.