अलेप्पीहून पाण्यावरून: हाउसबोट, कोल्लमची बोट की कोट्टायमची?

केरळची तिकिटं निघाली की घरात पहिला वाद होतो तो हाउसबोटीवरून. एकाला ती हवीच असते, दुसऱ्याला एवढे पैसे पाण्यात घालायचे नसतात. या भांडणात सरकारी बोटींचं नाव कुणी काढतच नाही. मी तिन्ही केलंय, वेगवेगळ्या वर्षी आणि वेगवेगळ्या माणसांबरोबर. एकदा आई होती, एकदा कॉलेजचे मित्र, एकदा एकटाच. त्यामुळे माझं उत्तर सोबत कोण आहे यावर ठरतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हाउसबोटीत लांबचा प्रवास होत नाही. दुपारी बाराच्या सुमारास चढायचं, जेवायचं, कालवे आणि वेंबनाड तलावाचा काठ फिरायचा, आणि साडेपाचला बोट काठाला बांधली जाते. संध्याकाळनंतर पाणी मासेमाऱ्यांचं असतं, त्यांची जाळी लागतात. सकाळी इडली, आणखी एक छोटी फेरी, नऊला परत धक्क्यावर. वीस-एकवीस तासांच्या भाड्यात बोट प्रत्यक्ष हलते पाच-सहा तास. ‘एसी हाउसबोट’ म्हणून घेतलेल्या अनेक बोटींत एसी फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा चालतो. हे बुकिंग करतानाच विचारा. मी विचारलं नव्हतं. एप्रिलच्या दुपारी आम्ही चौघं डेकवर ओल्या टॉवेलांखाली पडून होतो आणि मालक फोनवर अतिशय गोड बोलत होता.

तरीही आईला घेऊन पुन्हा जायचं झालं तर मी हाउसबोटच घेईन. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढउतार एकदाच करावी लागते, बाथरूम आतच असतं, आणि जेवण समोर येतं. करीमीन, म्हणजे गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात तो मासा, मसाला लावून केळीच्या पानात भाजलेला. शाकाहारी मंडळींनी आधी सांगून ठेवावं, नाहीतर कोबीची भाजी दोन्ही वेळा. बोट मुळात भात वाहणारी केट्टुवळ्ळम. फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. आता वर दोन-तीन खोल्या चढल्यात, तरी खालचं अंग ओळखू येतं. दोघांसाठी साधारण आठ-दहा हजारांपासून पुढे, आणि नाताळच्या आठवड्यात त्याहून बरंच जास्त.

दुसरं टोक म्हणजे अलेप्पी ते कोल्लम. राज्य जलवाहतूक खात्याची पर्यटक बोट, सुमारे आठ तास, सकाळी साडेदहाला सुटून संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पोचणारी, तिकीट काही शे रुपये. मध्ये जेवणाला आणि चहाला थांबते. लांब पल्ल्याचा जलप्रवास म्हणतात तो हा. वाटेत करुमाडीला काळ्या दगडाची बुद्धमूर्ती आहे, डावी बाजू तुटलेली. तोट्टप्पळ्ळीला कुट्टनाडचं, म्हणजे इथल्या सखल भातशेतीच्या प्रदेशाचं, पुराचं पाणी समुद्रात सोडणारे दरवाजे लागतात. मग कायमकुळम तलाव, आणि त्यापुढे आलप्पाडची पट्टी. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे घरं आणि माड. 2004 च्या त्सुनामीत या पट्टीने फार सोसलं. जमीन किती चिंचोळी आहे ते बोटीतून बघितल्यावर कळतं की लोकांना पळायला जागाच नव्हती.

पण खरं सांगायचं तर आठ तास फार होतात. तिसऱ्या तासानंतर माड आणि चिनी जाळी पाहून डोळे थकतात. लहान मुलं असतील तर नकोच. कंटाळ्याची भीती नसलेल्या माणसाने जावं, आणि जावं ते अलेप्पीहून कोल्लमकडे, उलट नको. कारण शेवटचा तास अष्टमुडी तलावातला असतो. दिवसभर कालव्यात कोंडलेली नजर तिथे एकदम मोकळी होते, तेही मावळतीच्या उजेडात. बसायचं कुठे हा पेच मात्र सुटत नाही: समुद्र उजव्या हाताला, आणि दुपारचं ऊनही उजव्याच हाताला. आणखी एक. ही सेवा मधल्या काळात बंदही राहिली आहे, तेव्हा तिच्या भरवशावर पुढचं आरक्षण करण्याआधी अलेप्पीच्या धक्क्यावर फोन करा. चालू असेल तर जोडणी झकास जमते: मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेसने अलेप्पीला उतरायचं आणि परतीला तीच गाडी कोल्लमहून पकडायची.

माझा कल तिसऱ्याकडे आहे. अलेप्पी ते कोट्टायम, साधी प्रवासी बोट, अडीच तास, तिकीट चहा-वड्याच्या पैशात. लाकडी बाकं, दप्तरं घेतलेली पोरं, भाजीच्या पिशव्या. सुकाणूवरच्या माणसाला तिथे ‘स्रांक’ म्हणतात, म्हणजे आपला सारंगच. इंजिनवाला वेगळा, तो घंटेच्या इशाऱ्यावर चालतो. नेहरू ट्रॉफीच्या सापनौका जिथे धावतात ते पुन्नमडा पाणी आधी लागतं. मग बोट वेंबनाडच्या दक्षिण टोकाला उघड्यावर येते आणि नंतर आर ब्लॉकच्या बाजूने जाते. इथे तलाव हटवून शेती केलेली आहे. बांधाच्या पलीकडचा भात पाण्याच्या पातळीहून खाली, त्यामुळे बोटीत बसून तुम्ही शेताकडे वाकून खाली बघता. कोकणात खाडीकाठची खाजण जमीन पाहिलेल्याला बांधाचं गणित चटकन समजेल, पण हा पसारा बघून तोही गप्प होईल. शेवटी अरुंद कालवा आणि वर उचलायचे छोटे पूल. पूल अडला तर बोट कोट्टायमच्या अलीकडे कांजीरमलाच थांबते आणि पुढे रिक्षा. त्याची तयारी ठेवा.

तलाव आडवा पार करायचीच हौस असेल तर मुहम्मा–कुमरकोम बोट वेगळी आहे, साधारण चाळीस मिनिटांची. कुमरकोमला मुक्काम असेल तर तीच सोयीची.

हंगामाबद्दल एकच पण महत्त्वाचं. वेंबनाड तलावावरचा तण्णीरमुक्कमचा बंधारा समुद्राचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत, बंद असतो. दक्षिणेकडचं पाणी तेव्हा कोंडतं, जलपर्णी माजते, आणि मार्च-एप्रिलमध्ये हाउसबोटीच्या डेकवरून फोटोतल्यासारखं काही दिसत नाही. बंधारा उघडा ठेवा म्हणणारे मासेमार आणि बंद ठेवा म्हणणारे शेतकरी यांचं भांडण जुनंच आहे. आपण पाहुणे, आपण डिसेंबर-जानेवारी निवडावा. ऑगस्टमध्ये पाणी सुंदर, पण पावसाचा नेम नाही. 2018 ला हा अख्खा भाग बुडाला होता.

तेव्हा आईवडील किंवा तान्हं मूल सोबत असेल तर एक रात्र हाउसबोट, डोळे उघडे ठेवून घेतलेली. एकटे किंवा दोघे, हातात वेळ, आणि बोट चालू असल्याची खात्री झालेली, तर कोल्लम. बाकी सगळ्यांनी सकाळी कोट्टायमची बोट धरावी, कोट्टायमला जेवावं आणि बसने परत यावं. उरलेल्या पैशांत अलेप्पीला तासाच्या हिशोबाने एक शिकारा मिळतो, आणि हाउसबोट ज्या बारीक कालव्यांत शिरू शकत नाही तिथे तो शिरतो.