बिलात स्टँडर्ड, सर्व्हरवर फुकटचं एक्स्प्रेस

ईआरपी (स्टॉक, बिलं, हिशेब एकत्र सांभाळणारी यंत्रणा) घेताना महिनोन्महिने चर्चा होते ती सॉफ्टवेअरची. सर्व्हर मात्र "तुम्हीच बघून बसवा" म्हणून पुरवठादारावर सोडला जातो, आणि लुबाडणारा नेमका तिथेच हात मारतो. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका मशिनशॉपचं अकाउंट्स आणि ईआरपी मी बघतो. आमच्या बाबतीत काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण असेच सर्व्हर या पट्ट्यात अजून विकले जातायत.

बिल अगदी स्पष्ट होतं : दोन प्रोसेसरचा नवा सर्व्हर, विंडोज सर्व्हर, एसक्यूएल सर्व्हर 2019 स्टँडर्ड (ईआरपीचा डेटा ज्यात राहतो त्या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची विकतची आवृत्ती). सर्वांत मोठा आकडा होता डेटाबेसच्या लायसन्सचा. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग स्टॉकचा रिपोर्ट रेंगाळायला लागला. "रॅम कमी पडतेय," म्हणून पुरवठादाराने 32 जीबी वाढवून दिली, त्याचं वेगळं बिल लावलं. फरक काडीचाही पडला नाही.

31 मार्चच्या संध्याकाळी माल भरून गाडी गेटवर उभी, आणि इन्व्हॉइस सेव्ह होईना. स्क्रीनवर संदेश असा, की डेटाबेसचा आकार लायसन्सच्या 10240 एमबी मर्यादेपलीकडे जातोय. डिस्क तर निम्म्याहून जास्त रिकामी! इन्व्हॉइस नाही म्हणजे आयआरएन (जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) नाही, आणि आयआरएनशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही. पुरवठादार फोनवर म्हणाला, "साहेब, सर्व्हर लहान पडतोय, मोठ्याचं कोटेशन पाठवतो."

ईआरपीच्या इंजिनिअरने रिमोटवर येऊन मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये) सर्व्हरची प्रॉपर्टीज उघडली. 'प्रॉडक्ट'समोर लिहिलं होतं : एक्स्प्रेस एडिशन. ही मायक्रोसॉफ्टची मोफत आवृत्ती. कुणीही डाउनलोड करावी. तिच्यासाठी आमच्याकडून लाखांत पैसे उकळले होते.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. 2019 ची एक्स्प्रेस एका डेटाबेसला 10 जीबीच्या वर वाढू देत नाही, डेटासाठी जेमतेम 1.4 जीबी रॅम वापरते आणि एका प्रोसेसरच्या फार तर चार कोअरवर चालते. म्हणजे आमचा दुसरा प्रोसेसर डेटाबेससाठी पहिल्या दिवसापासून निरुपयोगी होता. वाढवलेल्या रॅमचाही रिपोर्टला काही उपयोग होणार नव्हता, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. नव्या सर्व्हरचीही गरज नव्हती. लायसन्सची खरी 'की' (कोड) असती तर त्याच मशिनवर एक्स्प्रेसचं स्टँडर्ड करता आलं असतं.

10 जीबीची मर्यादा प्रत्येक डेटाबेसला वेगळी असते, म्हणून इंजिनिअरने ईआरपीच्या जुन्या नोंदी (लॉग) दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवल्या आणि रात्री उशिरा गाडी सुटली. त्या भल्या माणसाचे उपकार विसरणार नाही.

मशिनचा सीरियल नंबर उत्पादकाच्या वेबसाइटवर टाकला, तर वॉरंटी आमच्या बिलाच्या तारखेआधीच संपलेली! 'नवा' म्हणून विकलेला सर्व्हर दुसऱ्या कुणीतरी वापरून टाकलेला होता.

वकिलांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कामासाठी वस्तू घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही. त्यामुळे ग्राहक आयोगाऐवजी आम्ही फसवणुकीची पोलीस तक्रार आणि दिवाणी दावा हा रस्ता धरला. बिल, कोटेशन, व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि त्या संध्याकाळचा स्क्रीनशॉट, सगळं जपून ठेवलंय.

कुणी नवा सर्व्हर घेत असेल तर शेवटचा हप्ता हातात ठेवा. लायसन्स तुमच्या कंपनीच्या नावावर, तुमच्या ईमेलने उघडलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसलं पाहिजे. कागदावर छापलेली लायसन्सची 'की' पुरावा म्हणून घेऊ नका. सीरियल नंबर स्वतः वेबसाइटवर टाकून बघा. आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल भागात ज्यांच्याकडे असा सर्व्हर आधीच चालू आहे, त्यांनी 'प्रॉडक्ट'ची ती ओळ आजच उघडून बघा. एक्स्प्रेस निघाली तर डेटाबेसचा आकारही लगेच तपासा, म्हणजे पुढच्या मार्चअखेर गाडी गेटवर अडकणार नाही.