ट्रॅकवरची फेरी की फिजिओकडचं रिहॅब? मावशीच्या सीओपीडीचा हिशेब

मावशीने आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावला नाही. तिचा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार, चुलीच्या धुराचा आहे. निफाडकडचं माहेर आणि पुढे सासर धरून तीसेक वर्षं ती चुलीपुढे बसली. परवा म्हणाली, "व्यायामाने प्रतिकारशक्ती तरुण होते म्हणे. मग नाशिकच्या कृषीनगरच्या ट्रॅकवर चालायला जाऊ, की फिजिओकडच्या त्या फुप्फुसांच्या रिहॅबला पैसे भरू?"

'तरुण होते' यात तथ्य आहे, पण ते मावशीला कितपत लागू पडतं हा प्रश्नच आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी तिथे तयार होऊन रक्तात येतात. वय वाढलं की ग्रंथी आक्रसते आणि नव्या पेशींची आवक घटते. जुन्या पेशी विभागून विभागून थकतात, काहींच्या अंगावरचा सीडी२८ हा रेणू गळून जातो. अशा पेशी सहजी मरत नाहीत. रक्तात ठाण मांडून राहतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. सीओपीडीवाल्यांत त्या जास्त सापडतात.

आता व्यायामाची बाजू. इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंना तपासलं, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यांच्या थायमसमधून नव्या पेशी जवळपास तरुणांइतक्या येत होत्या. पण ती मंडळी कित्येक वर्षं नेमाने पेडल मारणारी, धडधाकट. आमची मावशी पंचवटीचा एक जिना चढून दोनदा थांबते. सीओपीडीत व्यायामाने पेशींचं वय मागे जातं, असं छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. तेव्हा या एका आशेवर निवड करू नये.

दम, पाय आणि ऑक्सिजन यांवर करावी.

रिहॅब म्हणजे साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, फिजिओच्या नजरेखाली. चालणं किंवा सायकल, मांडी-दंडाचे ताकदीचे व्यायाम, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायची सवय. स्पायरोमेट्रीचा (नळीत जोरात फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीचा) आकडा याने वाढत नाही, हे आधीच समजून घ्या, नाहीतर हिरमोड होतो. दम कमी लागतो, जास्त चालता येतं, आणि ते पुराव्याने पक्कं आहे. मांड्यांची ताकद इथे फार मोलाची, कारण या आजारात पायही खंगतात. अडचण खर्चाची आणि जाण्यायेण्याची. शिवाय सोडून दिलं की फायदा हळूहळू ओसरतो.

ट्रॅक फुकट, घराजवळ, आणि वर्षानुवर्षं टिकणारा. कृषीनगर असो वा गोल्फ क्लबचं मैदान, सपाट जागा हवी. पांडवलेणीच्या पायऱ्या नकोत. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. पण थंडीत पहाटे पाचचा हट्ट सोडा. गार हवेने श्वासनलिका आवळतात, शेकोट्यांचा धूरही असतो. उन्हं आल्यावर निघा. ट्रॅकवर ताकदीचे व्यायाम मात्र राहून जातात, ते घरी खुर्चीतून उठ-बस करून भरून काढावे लागतात.

प्राणायामाबद्दल सगळे विचारतात. दीर्घ, सावकाश श्वास ठीक. कपालभातीसारखा वेगवान प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सीओपीडीत हवा आत अडकते, घाई केली की आणखी अडकते. आणि प्रतिकारशक्तीचीच काळजी असेल तर फ्लूची दरवर्षीची लस आणि न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस, हे काम आधी उरका.

मावशीला मी आधी सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्यायला लावली. रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्क्यांवर आला, म्हणजे चालताना तिच्यावर कुणाची तरी नजर हवी. मग प्रश्न उरला नाही: आठ आठवडे रिहॅब, नंतर ट्रॅक. ९० च्या वर राहिला असता, तर मी तिला डॉक्टरांना विचारून सरळ ट्रॅकवरच पाठवलं असतं. रिहॅबवर ती थोडी नाराज आहे, कारण शेजारच्या काकू ट्रॅकवर जातात आणि गप्पा तिथे होतात.