५० किलोची गोणी: बारदानाच्या दुकानात काय घ्यावं, काय परत करावं

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा भवानी पेठेत बारदानवाल्याकडे ५० किलोची गोणी मागितली, की तो आधी विचारतो, "माल काय?" असं विचारणारा दुकानदार चांगला. न विचारता समोरची गाठ (गोण्यांचा बांधलेला गठ्ठा) सोडायला घेतो, त्याच्याकडे जरा जपून. तागाचं पोतं, साधी विणलेली प्लास्टिकची गोणी, लॅमिनेशनवाली (प्लास्टिकचा पातळ थर चढवलेली) गोणी, कांद्याची लाल जाळी आणि हल्ली धान्याची हवाबंद पिशवी, या पाचही ५० किलोच्या मालासाठी मिळतात. पण एकीचं काम दुसरीला जमत नाही.

तांत्रिक वस्त्रांचे, म्हणजे कामासाठी वापरायच्या कापडांचे, १२ गट मानले जातात. त्यातल्या 'पॅकटेक' (पॅकिंगची कापडं) गटात ही सगळी बारदानं येतात, म्हणजे हिशेबाने हे कापड आहे. साडी घेताना आपण पोत, वीण आणि काठ बघतो, तसंच इथे ताणा (उभ्या पट्ट्या), बाणा (आडव्या पट्ट्या), वीण आणि शिवण बघायची. नुसती चमक आणि छपाई बघून घेतलेली गोणी टेम्पोत चढवतानाच उसवते.

सगळ्यात जास्त खपते आणि सगळ्यात जास्त फसवते ती साधी पांढरी विणलेली गोणी. पॉलिप्रॉपिलीनची फिल्म चिरून, ताणून तिच्या अरुंद पट्ट्या करतात आणि त्या गोल मागावर विणतात. पट्टीची जाडी डेनियरमध्ये सांगतात. ९००० मीटर पट्टीचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. दुकानदार "नऊशे डेनियर" म्हणाला तर ते घरी तपासता येतं. गोणीच्या उभ्या पट्ट्यांपैकी दहा पट्ट्या हळूच सोडवा, प्रत्येकीचा बरोबर ९० सेंटिमीटरचा तुकडा कापा, आणि दहाही एकत्र सोनाराच्या काट्यावर ठेवा. ही झाली ९ मीटर पट्टी. काटा ०.९ ग्रॅम दाखवत असेल तर ९०० डेनियर खरं. ०.७ आला तर तुमच्या हातात ७०० डेनियरचा माल आहे. आडव्या पट्ट्यांचंही असंच करा, कारण ताणा ठीक ठेवून बाण्यात हात आखडता घेणं सोपं असतं.

मग वीण मोजा. एक इंचाची खूण करून उभ्या आणि आडव्या पट्ट्या मोजायच्या. दहा बाय दहा विणीच्या ९०० डेनियर कापडाचं वजन चौरस मीटरला साधारण ७९ ग्रॅम येतं. त्याचा हिशेब असा: दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची बेरीज २०, गुणिले ९००, भागिले २२८.६. हा आकडा प्रत्यक्ष ताडून बघायला १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून वजन करा आणि त्याला १०० ने गुणा. ५७ बाय ९४ सेंटिमीटरची गोणी या कापडाची असेल, तर घडी-शिवण धरून ती ८५ ते ९० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. ७० ग्रॅमला आली तर पट्टी तरी बारीक आहे किंवा वीण तरी विरळ. एका गोणीवर निकाल देऊ नका. गाठीच्या वरच्या नव्हे, मधल्या दहा गोण्या काढून एकत्र वजन करा.

वजन बरोबर आलं तरी एक फसगत उरते, ती फिलरची, म्हणजे प्लास्टिकात मिसळलेल्या स्वस्त भुकटीची. कॅल्शियम कार्बोनेट जास्त मिसळलं की पट्टी पांढरीशुभ्र दिसते, वजनाला भरते, पण ताकदीला कमी पडते. एक पट्टी चिमट्यात धरून जाळा. चांगली पट्टी वितळून जळते आणि मागे जवळजवळ काही ठेवत नाही; फिलर भरलेली पांढरी राख ठेवते. (उघड्यावर करा, आणि वितळलेला थेंब हातावर पडू देऊ नका.) थोडा फिलर सगळेच घालतात, त्याबद्दल तक्रार नाही. राखेचा ढीग पडला तर गाठ परत करा.

कापड एकदम उत्तम, आणि तरीही गोणी फुटते. का? बहुतेक वेळा तळाच्या शिवणीमुळे. तळ एकदा दुमडून एकच टाका मारलेली गोणी स्वस्त मिळते. गहू-तांदळासाठी दोनदा दुमडून दुहेरी शिवलेलीच घ्यावी. साखळी टाक्याला एक बाजू अशी असते, की तिथून शेपूट ओढलं की सगळी शिवण सर्रकन उलगडते. म्हणून शिवणीच्या दोन्ही टोकांना पाचेक सेंटिमीटर दोरा बाहेर सोडलेला असला पाहिजे. टाका ८ ते १० मिलिमीटरचा हवा. फार बारीक टाके मजबूत वाटतात, पण सुई दर टाक्याला पट्टी कापत जाते आणि कापड पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांच्या ओळीवर फाटतं. तोंडही बघा. गरम पात्याने कापलेल्या तोंडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. थंड कापलेलं तोंड दुमडून शिवलेलं नसेल तर दोन-तीन भरण्यांत त्याच्या दशा सुटतात.

भरताना वरची १० ते १२ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. काठोकाठ भरलेल्या गोणीचं तोंड शिवताना सुई दाण्यावर आपटते, दोरा तुटतो, आणि ती तुटकी शिवण हमालाच्या पाठीवर उघडते. नमुन्याची एक गोणी भरून, शिवून कमरेच्या उंचीवरून तीनदा टाकून बघा: एकदा आडवी, एकदा कुशीवर, एकदा तळावर. तळावरच्या आपटीत टिकली तर पुढे जा. धान्याच्या अशा गोणीसाठी भारतीय मानक आयएस १४८८७ आहे. मोठी खरेदी असेल तर बिलावर तो क्रमांक लिहून मागा.

लॅमिनेशनच्या गोणीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: वर्षभराचा गहू साठवायला ती घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये पुण्यात घरोघरी गव्हाची बेगमी होते, आणि "पाणी लागणार नाही" म्हणून हीच गोणी गळ्यात मारली जाते. गहू पुरता वाळलेला नसेल तर आतला ओलावा बाहेर पडायला वाट राहत नाही. पावसाळ्यात रात्री बाहेरची बाजू थंड पडते, आत दव धरतं, आणि कडेचे दाणे आधी कुबट, मग बुरशीचे होतात. वर शिवणीच्या भोकांतून किडा आत शिरतोच, म्हणजे धड हवाबंद नाही आणि धड हवेशीर नाही. साखर, मीठ, पिठं, पशुखाद्य अशा पटकन खपणाऱ्या आणि ओल शोषणाऱ्या मालाला मात्र ती योग्य. लॅमिनेशन आहे की नाही हे कळत नसेल तर कापड तोंडाला घट्ट लावून फुंका. साध्या विणीतून श्वास पलीकडे जातो, लॅमिनेशनमधून नाही.

आता जाळी, म्हणजे लेनो. चाकण, मंचर, जुन्नर, शिरूरचा कांदा ज्या लाल गोणीतून येतो ती ही. या पाचांत आपलं काम सगळ्यात चोख करणारी वस्तू हीच, अर्थात जाळी खरी लेनो असेल तर. लेनो विणीत दोन उभ्या पट्ट्या एकमेकींना पीळ घालत आडव्या पट्टीला मध्ये आवळून धरतात. साध्या विरळ विणीत आडवी पट्टी नुसती वर-खाली जाते, त्यामुळे ती सरकते. दोन्ही लांबून सारख्याच दिसतात. जाळी उजेडासमोर धरा, अंगठ्याचं नख आडव्या पट्टीवर टेकवा आणि जोरात ढकला. खऱ्या लेनोत पट्टी जागची हलत नाही, फार तर वाकते. खोट्या जाळीत ती सरकून शेजारच्या पट्टीला भिडते आणि मागे मोठं भोक पडतं. भरल्यावर याच भोकातून आधी गोल्टी (बारीक कांदा) गळते, मग मोठा कांदाही कुशीला फुगवटा धरून बाहेर डोकावतो. तळाला आणि मध्यावर दाट विणीचा पट्टा असलेली जाळी जास्त टिकते, कारण उचलताना बोटं तिथेच रुततात. हिचं मानक आयएस १६१८७.

जाळीने न वाळलेला कांदा वाचत नाही, हेही सांगायला हवं. काढणीनंतर पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवून, मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून कापलेला कांदाच भरा. ओल्या मानेचा कांदा ताग असो वा जाळी, मधूनच सडायला लागतो. थप्पी चार-पाच थरांच्या वर नेली की खालचा थर दबतो. आणि जाळी हे वाहतुकीचं बारदान आहे. उन्हाळी कांद्याची चार-पाच महिन्यांची साठवण कांदाचाळीत (कांद्याच्या हवेशीर कोठारात) सुटा पसरूनच करावी. टेम्पोच्या फाळक्यावरचा एखादा वर आलेला खिळा जाळीचा काळ असतो, म्हणून चढवण्याआधी फाळक्यावरून हात फिरवा किंवा जुनं पोतं अंथरा.

बटाट्याला मात्र जाळी नको. सातगाव पठारचा बटाटा जाळीत भरून दुकानाच्या दारात ठेवला, तर उजेडाने साल हिरवी पडते आणि तिथे सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. तो खाण्यालायक राहत नाही. बटाट्याला तागाचं पोतंच बरं. ते उजेड अडवतं आणि हवा खेळू देतं.

तागाच्या पोत्याची खरी बढाई दोन ठिकाणी आहे. थप्पीत ते घसरत नाही, आणि हमालाने आकडी (लोखंडी हूक) मारली तर धागे बाजूला सरकून परत जवळ येतात. प्लास्टिकच्या गोणीत आकडीने पट्टी तुटते आणि भोक वाढत जातं. म्हणून प्लास्टिक गोणीला आकडी लावू देऊ नये, दोन्ही कानांना धरून उचलावी, आणि थप्पी लावताना एक थर उभा, एक आडवा अशी सांधेमोड करावी. ५० किलो धान्याचं नवं तागाचं पोतं ५८० ग्रॅमचं धरतात. ८५ ग्रॅमच्या गोणीशी तुलना केली तर शंभर नगांमागे साडेएकोणपन्नास किलोचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ एक पोतंभर. वजनातून बारदान वजा करताना ताग आणि प्लास्टिक यांना एकच कपात लावली, तर विकणारा किंवा घेणारा, कुणीतरी एक बुडतो. शिवाय ताग हवेतली ओल ओढून घेतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमधलं पोतं मेमधल्यापेक्षा जड भरतं. तागाची खरेदी गाठीने केलीत तर गाठीत ५०० नग असतात. आंबेमोहोरासारखा वासाचा तांदूळ यात ठेवू नका. तागाला तेलाचा स्वतःचा वास असतो, आणि तांदळाचा सुगंधही टिकत नाही.

घरच्या धान्यासाठी या सगळ्यांत आमची पसंती तीन थरांच्या हवाबंद पिशवीला. बाहेर विणलेली गोणी आणि आत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या. ही रचना १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तयार झाली. औषध लागत नाही. धान्यातले सोंडे आणि भुंगेरे आतला प्राणवायू वापरून संपवतात आणि स्वतःच मरतात. पण बांधण्यात कुचराई चालत नाही. आधी दोन्ही आतल्या पिशव्या फुगवून, तोंड पिळून दाबा. कुठे फुस्स आवाज आला तर ती बाद. सगळ्यात आतल्या पिशवीत धान्य थोडं थोडं ओता आणि हाताने दाबून हवा काढा. वर ३० सेंटिमीटर मोकळं ठेवून तोंड घट्ट पिळा, पीळ दुमडा आणि सुतळीने करकचून बांधा. दुसऱ्या पिशवीचं वेगळं, बाहेरच्या गोणीचं वेगळं. तिन्ही तोंडं एकत्र बांधली तर हवा आत येतेच. पहिले दोन महिने उघडू नका.

धान्याची ओल १२ टक्क्यांच्या आसपास हवी. कोरड्या काचेच्या बरणीत कोरडं मीठ आणि मूठभर धान्य हलवून दहा-पंधरा मिनिटं ठेवलं आणि मीठ काचेला चिकटलं, तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही म्हणजे १२ टक्के झाली असं मात्र नव्हे. अजून एक-दोन उन्हं द्या आणि दाणा दाताखाली कट्ट वाजतो का बघा. उंदरापुढे मात्र ही पिशवी हतबल आहे. एक भोक पडलं की ती नुसती गोणी उरते. फळीवर, भिंतीपासून दीड हात दूर ठेवा.

जुनं बारदान घ्यायचं असेल तर आधी उलटं करा. खताची, कीटकनाशकाची गोणी धुऊनही धान्याला वापरू नये. कितीही स्वच्छ दिसली तरी नाही. प्लास्टिकची गोणी उन्हात पडलेली असेल तर तळहाताने चोळा. हाताला पांढरी पूड लागली, किंवा पट्टी मागेपुढे दोनदा दुमडल्यावर वाळल्या गवतासारखी तुटली, तर ती उन्हाने गेलेली आहे आणि ५० किलो पेलणार नाही. नवा मालही गच्चीवर ठेवू नका. उघड्यावर वापरायचा असेल तर यूव्ही संरक्षक (उन्हापासून वाचवणारं द्रव्य) घातलेलाच मागा.

शंभराच्या वर नग घेणार असाल तर बिलावर पाच गोष्टी लिहून घ्या: माप, डेनियर, वीण, एका नगाचं वजन आणि तळाची शिवण. तपासून पसंत केलेल्या नमुन्यावर दुकानदाराची सही घेऊन तो आपल्याकडे ठेवा. गाठी आल्या की त्यातल्या दहा गोण्या या नमुन्याशेजारी काट्यावर चढवा, आणि हे टेम्पो परत जायच्या आत करा.