शेकोटी की छोटा गॅस स्टोव्ह?

पवना धरणाकाठच्या खासगी कॅम्पिंग तळांवर शेकोटी बहुधा मालकच पेटवून देतो. लाकडं त्याची, जागाही ठरलेली. तिथे खुशाल शेका, फक्त रात्री गाण्यांचा आवाज आवरा.

हरिश्चंद्रगडाची गोष्ट वेगळी. तो अभयारण्यात येतो, आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. फेब्रुवारीनंतर वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. कातळ काळा पडतो तो वेगळाच. तिथे स्टोव्हच बरा: चहा पटकन होतो, कारवीच्या झुडपांची मोडतोड नाही. (तसं गडावरच्या झोपड्यांत पिठलं-भाकरी मिळतेच.) स्टोव्हने ऊब मात्र मिळत नाही, स्वेटर जाड न्या. वाऱ्याला आडोसा हवा म्हणून तंबूत स्टोव्ह पेटवू नका. रिकामा गॅसचा डबा खाली आणायचा.