दुसरं पात्र: टँक, हीलर की पुन्हा डॅमेज?

आमच्या गटातल्या एका मित्राची निफाडकडे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की तो रात्री आमच्याबरोबर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळायला येत नाही. मग फवारण्या, विरळणी, आणि शेवटी काढणी. मार्चपर्यंत त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि नेमका तोच आमचा हीलर, म्हणजे बाकीच्यांचं घटलेलं आयुष्य भरून देणारा. उरलेले आम्ही चौघं नाशिक शहरातले, कुणी सिडकोत, कुणी इंदिरानगरला. त्यात एक टँक, म्हणजे शत्रूचा मार झेलणारा, आणि तिघं डॅमेजवाले, म्हणजे शत्रूला मारणारे.

या खेळात पाच जणांच्या डंजनचा, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या ठिकाणच्या मोहिमेचा, हिशोब ठरलेला: एक टँक, एक हीलर, तीन डॅमेज. अनोळखी डॅमेजवाला क्षणात सापडतो, अनोळखी हीलरसाठी ताटकळावं लागतं. माझं पात्र हंटर, म्हणजे शिकारी; तो तिन्ही प्रकारांत डॅमेजच करतो, म्हणून मला दुसरं पात्र घ्यावं लागलं. तुमच्यापुढेही हाच प्रश्न असेल तर पात्रांच्या यादीत सगळ्यात ताकदवान कोण, हे आधी बघू नका. ती यादी खेळाच्या प्रत्येक पॅचला, म्हणजे सुधारणेला, बदलते. तुमच्या रात्रीच्या त्या तासाभरात कोणती भूमिका बसते, ते बघा.

रांग आणि उठायची मुभा

अनोळखी लोकांबरोबर खेळायचं तर खेळच गट जुळवून देतो; त्या रांगेत सगळ्यात जास्त वेळ डॅमेजवाल्याचा जातो. टँकला बहुतेक वेळा लगेच बोलावणं येतं, हीलरला थोड्या वेळात. हा तुटवडा इतका जुना आहे की ज्या भूमिकेची चणचण असेल तिला जादा बक्षीस द्यायची सोय खेळातच 2011 पासून आहे. दहा ते अकरा एवढाच वेळ हातात असेल, तर रांगेत गेलेली वीस मिनिटं फार महाग पडतात.

पण बाजू उलटीही आहे. बेल वाजली, मुलगी झोपेतून उठली, पावसात लाइट गेली, की डॅमेजवाला बाजूला झाला तरी चौघं कसंबसं निभावतात. टँक थांबला की सगळं थांबतं. ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: ताशाने लय सोडली की पन्नास ढोल असूनही काही उपयोग नसतो. हीलर याच्या मधला. दोन लढायांच्या मध्ये, मॅना (जादूची शक्ती) भरायला पात्र पाणी पितं तेव्हा, त्याला अर्धा मिनिट मिळतो. लढाई चालू असताना एक क्षणही नाही. घरात रात्री हाक येण्याची शक्यता असेल तर टँक घेऊ नका, हे मी ठामपणे सांगेन. आणि भूमिका कोणतीही घ्या, राउटर यूपीएसवर ठेवा.

नजर कुठे असते

मला सगळ्यात जास्त फरक इथे जाणवला. हंटर खेळताना माझी नजर समोरच्या बॉसवर, म्हणजे मोठ्या शत्रूवर, आणि माझ्या बाणांवर असायची. कोणता शत्रू काय मारतो, याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं, कारण ते झेलणारा दुसरा होता. हीलर झाल्यावर नजर पाच जणांच्या आयुष्याच्या पट्ट्यांवर आली, आणि पहिल्यांदा कळलं की अमुक बॉसच्या अमुक हल्ल्याने सगळ्यांचं आयुष्य एकदम उतरतं आणि तमुक हल्ला फक्त टँकवर येतो. महिनाभरात मी डंजन ओळखायला लागलो.

टँकला हे सगळं आधीच माहीत असावं लागतं, वर रस्ताही. किती शत्रू एकदम ओढायचे, कुणाला तोंड फिरवून उभं करायचं, कुठला घोळका टाळायचा, हे तोच ठरवतो. 2016 मध्ये आलेल्या मिथिक प्लस या डंजनच्या अवघड प्रकारात घड्याळ लागलेलं असतं, प्रत्येक मरणाला वेळ कापला जातो, आणि रस्ता चुकला तर सगळे टँककडेच बघतात. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या मागे चाललेल्या माणसाने थेट टँक होणं म्हणजे नेहमी मागच्या सीटवर बसणाऱ्याने अचानक कसारा घाटात स्टिअरिंग हातात घेणं. म्हणून डॅमेजवाल्यांना माझा सल्ला: आधी हीलर, मग टँक.

सरावाची सोय मात्र आता चांगली आहे. जानेवारी 2024 पासून फॉलोअर डंजन आहेत: बाकीचे सोबती खेळच देतो, कुणी घाई करत नाही, कुणी बोलत नाही. टँक किंवा हीलर शिकायला याहून निवांत जागा नाही.

आपल्याकडचं नेट

भारतात या खेळाचा सर्व्हर नाही, त्यामुळे बटण दाबणं आणि परिणाम दिसणं यात थोडं अंतर पडतंच. डॅमेजमध्ये ते खपतं. टँकला त्याचा त्रास होतो, कारण ढाल वेळेवर उचलावी लागते. हीलरांत निवड करता येते. होली प्रीस्टचं मोठं हीलिंग कास्ट व्हायला, म्हणजे मंत्र पूर्ण व्हायला, वेळ लागतो, त्यात नेटचा उशीर मिळवा. रेस्टोरेशन ड्रुइड मार बसायच्या आधीच रिजुव्हिनेशन हा हीलिंगचा मंत्र पेरून ठेवतो, ते झटक्यात पडतं आणि हळूहळू भरत राहतं. मला हेच मानवलं.

एकात किती मिळतं

क्लास म्हणजे पात्राची जात (हंटर, ड्रुइड वगैरे), स्पेक म्हणजे तिच्यातला प्रकार. स्पेक फुकट बदलता येतो, म्हणून खरी निवड क्लासची. तिन्ही भूमिका करणारे क्लास तीनच: पॅलाडिन, मंक आणि ड्रुइड. त्यात ड्रुइडला चार स्पेक. पण शस्त्रांचा खर्च धरा. पॅलाडिनला डॅमेजसाठी दोन हातांचं शस्त्र, टँकसाठी ढाल आणि स्ट्रेंग्थ (ताकदीचा गुण), हीलिंगसाठी इंटेलेक्ट (बुद्धीचा गुण), म्हणजे जवळपास तीन संच. ड्रुइडचं दोनात भागतं: अस्वल (टँक) आणि मांजर (डॅमेज) चपळाईवर, म्हणजे अ‍ॅजिलिटीवर, हीलर आणि बॅलन्स (जादूने डॅमेज) इंटेलेक्टवर. शामन टँक होत नाही, पण एलिमेंटल (डॅमेज) आणि रेस्टोरेशन (हीलिंग) दोन्ही एकाच शस्त्रावर चालतात; टँक व्हायचंच नसेल तर तोही स्वस्त.

2024 च्या द वॉर विदिनपासून वॉरबँड, म्हणजे एकाच खेळाडूच्या सगळ्या पात्रांची जोडणी, आल्याने पहिल्या पात्राची कमाई वाया जात नाही. बरंचसं रेप्युटेशन (खेळातल्या गटांकडे कमावलेली पत) आणि बँक सामाईक झाली, आणि काही सामान हंटरने मिळवून ड्रुइडला पाठवता येतं.

दुसरंही डॅमेजच घ्यायचं असेल तर कारण एकच असावं: तो क्लास मनापासून आवडतो. एकट्याने फिरायला, लेव्हल वाढवायला ते सगळ्यात सुखाचं. गटाची अडचण मात्र त्याने सुटत नाही.

मी ड्रुइड घेतला. छाटणीपासून काढणीपर्यंत हीलर म्हणून खेळलो. मार्चमध्ये मित्र परत आला तेव्हा गटात दोन हीलर झाले, आणि आमच्या टँकची अंबडच्या कंपनीत नेमकी सेकंड शिफ्ट लागली. तोवर सगळे बॉस माझ्या ओळखीचे झाले होते. आता अस्वल होऊन पुढे चालतो. फक्त त्याच्यासाठी अ‍ॅजिलिटीची काठी अजून मिळायची आहे.