डिटेक्टर की तोंडी परीक्षा?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि घरून लिहून आणायच्या निबंधावरचा विश्वास डळमळला. विद्यापीठांपुढे आता दोन वाटा आहेत: निबंध तसाच ठेवून तो डिटेक्टरमधून, म्हणजे मजकूर यंत्राने लिहिलाय का हे सांगणाऱ्या साधनातून, तपासायचा, किंवा विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्याच लेखनावर प्रश्न विचारायचे.

डिटेक्टर झटपट काम करतो, पण पुरावा देत नाही, फक्त शक्यता सांगतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेला जेमतेम २६ टक्के मजकूर त्याला ओळखता आला होता, आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने उगाच ठपका ठेवला होता. प्रामाणिक मुलीला 'हे मीच लिहिलंय' असं सिद्ध करत फिरावं लागणं मला अजिबात मान्य नाही.

तोंडी परीक्षेला १० मिनिटं पुरतात. 'हा संदर्भ इथे का घेतलास? तो काढला तर तुझा निष्कर्ष टिकेल का?' ज्याने विचार केलाय तो अडखळत का होईना, उत्तर शोधतो. ज्याने नुसतं चिकटवलंय तो पहिल्याच 'का'ला गप्प होतो. वेळ मात्र खूप जातो: २०० विद्यार्थी म्हणजे ३३ तासांहून जास्त. बुजऱ्या मुलांना धडकी भरते, म्हणून प्रश्नांचं स्वरूप आधी सांगायलाच हवं.

तरी माझं मत तोंडीलाच. मोठ्या वर्गात सगळ्यांची घेणं जमत नसेल, तर निबंधाचे गुण कमी करून कच्चा मसुदा वर्गातच लिहून घ्यावा. डिटेक्टरच्या आकड्यावर मात्र कुणालाही नापास करू नये.